अहमदपूरचं लेकरू

शरणम्मांनी नातवाला कडेवर घेतलं, पदर खोचला आणि त्या सरळ गोठ्यात जाऊन वळूच्या पलीकडं बसल्या.

जागा त्यांनी पूर्ण विचार करून निवडली होती. मल्लू हा देवणी जातीचा वळू, अंगानं पांढरा आणि तोंडानं काळा. लांबलांबून लोक गाई घेऊन त्याच्याकडं यायचे आणि त्याची शिंगं बघून अंगणातूनच हात जोडायचे. सिस्टर आरती तर शेळी दिसली तरी रस्ता बदलणारी. नांदेड शहरात वाढलेली ती बाई गोठ्याच्या दारात येऊन थांबली आणि आत एक पाऊलसुद्धा टाकेना.

"अव्वा, बाहेर या."

"मी कामात हाय."

"काय काम चाललंय?"

"शेण काढायलेय."

शरणम्मांच्या हातात शेण नव्हतं, शिवांश होता. दहा महिन्यांचा गुटगुटीत गडी. आजीच्या गळ्यातली चांदीची लिंगाची डबी तोंडात घालून तो मन लावून चघळत होता. आपल्यावरून एवढं महाभारत चाललंय याचा त्याला पत्ताही नव्हता.

त्या दिवशी मंगळवार, मळेवाडीच्या अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची सुई गावातल्या सगळ्या पोरांची होऊन गेली होती. आरतीच्या रजिस्टरमध्ये एका नावापुढचा चौकोन तेवढा रिकामा होता आणि त्या चौकोनापायी ती तिसऱ्यांदा या दारात आली होती. ओढ्यापलीकडच्या वीटभट्टीवर पंधरा दिवसांत चार पोरांना गोवर निघाला होता. पुढच्या महिन्यात शरणम्मांच्या भाच्याचं लग्न उदगीरला, म्हणजे शिवांश शंभर बायकांच्या मांडीवरून आणि पन्नास पोरांच्या हातांतून फिरणार. आरतीनं नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी गोवरात एका पोरीचे डोळे गेलेले पाहिले होते. ती गोष्ट ती कुणाला सांगत नसे, पण रिकामा चौकोन दिसला की तिला ती पोरगी आठवायची आणि मग तिचा आवाज चढायचा.

"आप्पा, तुम्ही तरी सांगा की यांना!"

अंगणात बाजेवर बसलेल्या ईश्वरप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. "हे बघ बाई, घरात तिचं राज्य. माझं राज्य फकस्त गोठ्यात. आता ती तिथंबी जाऊन बसली. मी जावं कुठं?"

सून मंजुश्री स्वयंपाकघराच्या दारात लसीचं कार्ड पदराखाली धरून उभी होती. तिची केव्हाची तयारी होती, पण सासूपुढं बोलायची हिंमत नव्हती. तिचा नवरा लातूरला कामाला; तो फोनवर "आई म्हणेल तसं कर" एवढंच म्हणायचा आणि सुटायचा.

आरतीनं महिनाभर घोळवून आणलेला मुद्दा बाहेर काढला.

"अव्वा, मल्लूच्या कानात पिवळा बिल्ला आहे बघा. लाळ्या-खुरकुताची लस त्याला वर्षातून दोनदा. लम्पीची वेगळी. ती कशी चालते?"

"त्यो सहाशे किलोचा हाय. ह्यो नऊ किलोचा. तुला फरकच दिसंना का?"

झालं! महिनाभराची मेहनत एका वाक्यात गेली. ईश्वरप्पा मिशीत हसले.

"अगोदरच्या सगळ्या सुया घेतल्यात ना शिवांशनं? मीच दिल्यात. मग आत्ताच काय झालं?"

शरणम्मांनी नातवाला आणखी जवळ ओढलं. आता त्यांचा आवाज उतरला, आणि आरतीला प्रथमच कळलं की ही बाई हट्ट करत नाहीये, भ्यालीये.

"अहमदपूरला एक लेकरू गेलं, सिस्टर. सुई टोचली, पाय लुळा पडला, लातूरला दवाखान्यात नेलं, आन् तिथं गेलं. ह्याच्याएवढंच व्हतं. मला रातभर झोप न्हाई."

"कुणाचं लेकरू?"

"असंल कुणाचं तरी."

"नाव काय? आईबाप कोण?"

"मेल्यालं लेकरू हाय ते, त्याचं नाव कशाला इचारायलीस?"

"तुम्ही बघितलंय का त्याला?"

"केवळाबाईनं सांगितलं. कासारीण हाय ती, धा गावं हिंडती. ती कामून लबाड बोलंल?"

आरतीनं रजिस्टर खाडकन मिटलं. अशी मेलेली पोरं तिनं आठ वर्षांत पुष्कळ ऐकली होती. ती नेहमी दुसऱ्या गावात मरायची, आणि त्या गावात जावं तर तिसऱ्या गावात. आजवर तिनं कपाळाला आठ्या घालून ऐकून घेतलं होतं. आज मात्र तिचं डोकं फिरलं.

"मी शोधते त्याला," ती म्हणाली. "खरंच सुईनं लेकरू गेलं असेल, तर मी स्वतः येऊन तुम्हाला सांगीन आणि पुन्हा या दारात पाय ठेवणार नाही. गेलं नसेल, तर पुढच्या मंगळवारी तुम्ही स्वतः शिवांशला घेऊन अंगणवाडीत यायचं."

शरणम्मांनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तोंडानं नगं. बसवण्णावर हात ठिवून सांग."

बसवण्णा म्हणजे मल्लू. या घरात मोठी गोष्ट ठरवायची तर वळूच्या वशिंडावर हात ठेवायचा, हा ईश्वरप्पांच्या आजोबांपासूनचा रिवाज. जमिनीची वाटणी अशीच झाली होती आणि मंजुश्रीचं लग्नही असंच ठरलं होतं. आरती जीव मुठीत धरून आत आली, तिनं डोळे गच्च मिटले, देवाचं नाव घेतलं आणि हात पुढं केला. मल्लूनं कातडी थरथरवली. आरती किंचाळली, पण हात काढला नाही. पलीकडून शरणम्मांनीही हात ठेवला. शिवांशला हा खेळ फार आवडला. त्यानं दोन्ही हात ठेवले.

केवळाबाई जवळच्या देवणी गावच्या बाजारात सापडली. एका पोरीच्या हातात बांगड्या चढवता चढवता ती बोलत होती.

"मेलं म्हणजे? मी सोता बघितलं न्हाई बाई. अहमदपूरला मोंढ्यात हणमंतराव हायेत, आडतवाले. त्यांच्या घरी लग्नाचा चुडा भरायला गेल्ते. तिथं निघाली गोष्ट. पाय लुळा पडला, लातूरला नेलं, लई सीरियस हाय म्हनले."

"आणि गेलं कधी?"

केवळाबाईनं बांगडी हातातच धरली. "त्याला आता दोन म्हैने झाले. एवढं सीरियस लेकरू, दोन म्हैने... म्हन्लं, आता काय ऱ्हातंय? गेलंच असंल की!"

"म्हणजे गेलं असं तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"सांगायला कशाला लागतंय? अंदाजानं कळतंय की मान्साला."

आरतीला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन डझन हिरव्या बांगड्या घेतल्या, कारण दुकानापुढं उभं राहून फुकट भांडणं बरं दिसत नाही.

रविवारी सकाळी ती एसटीनं अहमदपूरला निघाली. तिचा नवरा दयानंद शाळेत मास्तर, तो दात घासता घासता म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी लोक सिनेमाला जातात, माहेरी जातात. मेलेलं पोर शोधायला जाणारी तूच पहिली." आरतीनं पिशवी उचलली. एसटीत खिडकीशी बसल्यावर मात्र तिला नाही नाही ते सुचू लागलं. सापडलं तर? खरंच एखादं लेकरू दगावलेलं असलं तर? वळूवर हात ठेवून बसली होती ती. मळेवाडीत जाऊन "नका टोचू" म्हणायचं, आणि मग ओढ्यापलीकडच्या चार पोरांकडं कुठल्या तोंडानं बघायचं? अहमदपूर येईपर्यंत तिला स्वतःचाच राग येत राहिला.

हणमंतरावांचं दुकान मोंढ्यात बरोबर मध्यावर होतं. सोयाबीनच्या पोत्यांना टेकून बसलेला गोरापान, हसरा म्हातारा. सिस्टर आलीय म्हटल्यावर त्यानं अगोदर चुरमुऱ्यांचा सुसला मागवला, मग चहा, मग स्वतःचा बीपी तपासून घेतला आणि मग विषयाला हात घातला.

"अहमदपूरचं लेकरू? न्हाई हो! कोण म्हणतं? किल्लारीचं होतं ते. माझी लेक दिलीय तिकडं. तिनं सांगितलं, सुई टोचल्यावर पायच हलवंना."

"लातूरच्या कुठल्या दवाखान्यात नेलं होतं?"

हणमंतराव जरा अडखळले. "ते... आता असं बघा. लेकराचा पाय हलंना म्हटल्यावर मानूस कुठं नेणार? लातूरलाच की! किल्लारीत ठिवून काय करणार?"

"म्हणजे नेलं होतं का नाही?"

"नेलंच असणार," हणमंतराव ठामपणे म्हणाले. "मी असतो तर नेलं असतं."

आरतीनं सुसल्याची प्लेट बाजूला सरकवली. "काका, तुमच्या लेकीला फोन लावा. आत्ताच्या आत्ता."

लेकीनं फोन उचलला. फोन पोत्यावर मोठ्या आवाजात ठेवलेला, आणि भोवती दोन हमाल आणि एक शेतकरी आपापलं काम टाकून ऐकत उभे.

"बाबा, लुळा कुठं म्हणाले मी?" लेक पलीकडून म्हणाली. "पाय हलवू देत नव्हतं म्हणाले. आमच्या शेजारच्या गुरम्माकाकूंच्या नात्यातलं आहे ते. थांबा, त्या इथंच भिंतीपलीकडं आहेत. काकू! ओ काकू! फोन!"

भांड्यांचा आवाज आला, कोंबड्यांचा आला, आणि मग दम लागलेला, खणखणीत बाईचा आवाज.

"कोण बोलायलंय?"

"मी दवाखान्यातली सिस्टर बोलते. काकू, सुई टोचल्यावर ज्या लेकराचा पाय हलत नव्हता, ते लेकरू कुणाचं?"

"कुणाचं म्हंजी? आमच्या अक्काचा नातू की! शिवांश!"

आरतीच्या हातातला चहाचा कप मध्येच थांबला.

"कुठल्या गावचं, काकू?"

"मळेवाडीचं, देवणीजवळ. उन्हाळ्यात सुई टोचली, मांडी ही एवढी सुजली, पाय हलवू दीना, अंगात ताप. अक्का फोनवर रडायली, म्हन्ली, गुरम्मा, माझ्या लेकराला काय केलं गं त्या सिस्टरनं!"

आरतीनं डोळे मिटले. ते लेकरू मारणारी सिस्टर कोण, हेही आता कळलं. चौदाव्या आठवड्याची ती सुई तिनंच दिली होती, डाव्या मांडीत. ताप येईल, मांडी दुखेल म्हणून बजावलं होतं आणि औषधाची बाटलीही हातात ठेवली होती.

"आणि मग?"

"मग काय? दुसऱ्या दिशी अक्काची गाय व्याली, कालवड झाली. सांच्याला फोन केला तवा शिवांश खिदळायलाच की! ताप न्हाई, काय न्हाई."

"हे तुम्ही शेजारी सांगितलं होतं का? बरा झाला म्हणून?"

मग गुरम्मा अगदी खऱ्या आश्चर्यानं म्हणाल्या, "बरं झाल्यालं कोण कुणाला सांगतंय, बाई?"

हमाल हसले. हणमंतराव हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. "म्हणजे लातूरला नेलंच नव्हतं," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. त्यांनी दुसरा चहा मागवला, आणि आरतीनं तो मुकाट्यानं घेतला.

परतीच्या एसटीत ती एकटीच हसत होती. शेजारची बाई सरकून बसली. उदगीर येईपर्यंत मात्र तिचं हसू ओसरलं, कारण आता खरी अडचण कळली होती. शरणम्मांना हे सांगायचं कसं? तुमच्याच तोंडची गोष्ट किल्लारीला गेली, किल्लारीहून अहमदपूरला, आणि पाय लुळा करून, दवाखाना दाखवून, जीव घेऊन तुमच्याच दारात परत आली. आणि तिलाच तुम्ही भिऊन बसलात, असं सुनेसमोर, नवऱ्यासमोर सांगायचं? म्हातारी मानी. एकदा मान दुखावली की शिवांशचा चौकोन जन्मभर रिकामा.

मंगळवारी ती मळेवाडीत आली तेव्हा शरणम्मा गोठ्यातच होत्या. पण आज वळूच्या अलीकडं. खुंट्याला बांधलेल्या कालवडीची पाठ त्या खराट्यानं घासत होत्या, आणि शिवांश मंजुश्रीच्या कडेवरून कालवडीच्या कानाकडं हात फेकत होता. ईश्वरप्पा वैरण टाकत होते. आरती आत आली, आपण होऊन मल्लूच्या वशिंडावर हात ठेवला आणि उभी राहिली.

"सापडलं, अव्वा."

शरणम्मांच्या हातातला खराटा खाली आला. "खरंच हाय?"

"आहे."

"मग? गेल्यालं..."

"गेलेलं नाही. जिवंत आहे. पाय लुळा नाही, लातूरला कधी नेलंच नव्हतं. नऊ किलो वजन आहे आणि पुढचे चार दात आलेत."

शरणम्मांनी मोठा श्वास सोडला. "कुणाचं गं लेकरू?"

आरतीनं शिवांशकडं बघितलं नाही. मुद्दामच नाही. ती कालवडीकडं बघत राहिली.

"चांगल्या घरातलं आहे. आजी फार मायेची. उन्हाळ्यात सुई टोचली, डाव्या मांडीला सूज आली, पाय हलवू देईना. आजीच्या जिवाचं पाणी झालं. तिनं बहिणीला फोन केला. रडली."

"रडंल न्हाई तर काय? लेकराचं दुखणं बघवतंय का?"

"दुसऱ्या दिवशी त्यांची गाय व्याली. कालवड झाली. संध्याकाळपर्यंत लेकरू खिदळायला लागलं, पण..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. शरणम्मांचा हात कालवडीच्या पाठीवर होता तिथंच थांबला होता. त्या कालवडीकडं बघत राहिल्या. मग सावकाश त्यांनी मान वळवली, सुनेच्या कडेवरच्या नातवाकडं बघितलं, त्याच्या डाव्या मांडीकडं बघितलं. हात पुढं करून ती मांडी जरा चिमटीत धरून पाहिली. शिवांशनं लाथ झाडली. लाथ चांगली जोरात होती.

मंजुश्रीनं खालचा ओठ दातांत धरला. ईश्वरप्पांना एकाएकी मल्लूच्या पाण्याचा हौद बघायची फार घाई झाली आणि ते पाठ करून उभे राहिले; त्यांचे खांदे मात्र हलत होते.

आणि मग शरणम्मा भडकल्या.

"माझ्या लेकराला मारलं? जित्या लेकराला? पाय लुळा केला? जीभ झडो त्यांची! ती केवळाबाई येऊ दे मळेवाडीत, तिच्या टोपलीतली एक बांगडी साबूत ठिवणार न्हाई! अहमदपूर म्हणं! ह्यानं आजून देवणीच्या बाहीर पाय ठिवला न्हाई!"

कुणी पाय लुळा केला, दवाखान्यात कुणी नेलं, मारलं कुणी, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं. एकेकाचा उद्धार केला. हणमंतराव कसला माणूस असणार, हे तर त्यांनी न बघताच ओळखलं. पहिल्यांदा कुणी सांगितलं, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. आरतीनंही सांगितलं नाही.

"मंजू, कार्ड घे," त्या म्हणाल्या. "आन् ह्याच्या अंगात ते नवं झबलं घाल. चार लोकांत जायचंय."

अंगणवाडीत शिवांश सुई टोचल्यावर असा रडला की बाहेरची चिंच हलावी. शरणम्मांनी डोळे मिटून घेतले होते. आरतीनं रजिस्टरमधल्या चौकोनात बरोबरची खूण केली, जरा मोठीच केली आणि सांगितलं, "आठ-दहा दिवसांनी थोडा ताप येईल. कदाचित अंगावर बारीक पुरळ उठेल. दोन दिवसांत जातं. काळजी वाटली तर मला लगेच फोन करा."

शरणम्मांनी नातवाचं नाक पुसलं. मग खालीच बघत हळूच विचारलं, "आन् गुरम्माला? तिला करू का नगं?"

"करा की! बहिणीला नाही तर कुणाला करणार? पण दोनदा करा."

"दोनदा?"

"ताप आला की एकदा. उतरला की एकदा."

नवव्या दिवशी शिवांशचं अंग तापलं तेव्हा आरतीच्या फोनवर त्यांचा आवाज आला, "आलाय गं. तू म्हन्ली तसाच." आणि अकराव्या दिवशी सकाळी पुन्हा फोन वाजला. आरती भाकरी थापत होती; पिठाच्या हातानंच तिनं कानाला लावला.

"उतरला. गुरम्माला सांगितलं. तिला म्हन्लं, आता भिंतीवरून शेजारणीला वरड, माझ्या कानावर पडू दे. वरडली ती. त्या शेजारणीला म्हन्लं, तुझ्या बापाला अहमदपूरला सांग. तिनं सांगितलं."

"आणि केवळाबाईला?"

"तिला काल घरी बोलावली. बांगड्या भरून घेतल्या. मग शिवांशला ठिवला तिच्या मांडीवर. म्हन्लं, हे बघ तुझं अहमदपूरचं मेल्यालं लेकरू. बघ, पायाला हात लावून बघ. ह्यानं सुई घेतली, ताप आला, उतरला. आता फिर धा गावं आन् जिथं जिथं मारलंस तिथं तिथं जितं कर."

"काय म्हणाली ती?"

"घाबरली. पर ह्यानं तिच्या तीन बांगड्या फोडल्या, मग हसली."

आरती पिठाचा हात तसाच धरून बराच वेळ हसत राहिली, आणि तव्यावरची भाकरी करपली. दयानंदनं ती काही न बोलता खाल्ली.

तीन आठवड्यांनी खडकवाडीला लसीकरणाचं सत्र होतं. हे गाव आरतीचं जुनं दुखणं. तिथं चार-पाच बायका यायच्या, त्यातल्या दोघी वजन करून पळायच्या. वीटभट्टीची पोरंही याच गावात मोडत. त्यांच्या झोपड्यांपुढं उभं राहून तिनं किती वेळा घसा कोरडा केला होता. त्या दिवशी तिनं अंगणवाडीचं फाटक उघडलं आणि ती थबकली. ओट्यावर, पायऱ्यांवर, हातपंपाशी मिळून सतरा बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. भट्टीवरच्या सहा होत्या.

"आज काय आहे हो?" तिनं पहिल्या बाईला विचारलं.

ती बाई उठून जवळ आली आणि आवाज खाली घेऊन म्हणाली, "तुमाला ठाव न्हाई? अहमदपूरला एक लेकरू गेल्तं. गेलं म्हंजी गेलंच. मळेवाडीला आणलं, तिथल्या सिस्टरनं बैलावर हात ठिवला, सुई टोचली, आन् लेकरू उठून बसलं! तीन बांगड्या फोडल्या म्हणं त्यानं उठल्या उठल्या."

आरतीचं तोंड उघडंच राहिलं.

"कोण म्हणालं तुम्हाला?"

"कासारीण. धा गावं हिंडती ती."

"अहो ताई, असं काही नाही! ते मेलंच नव्हतं. या सुईनं गोवर टळतो, मेलेलं कुणी उठत नाही. ते लेकरू अगोदरपासून धडधाकट होतं!"

बाईनं तिच्याकडं संशयानं बघितलं. "तुमी बघितलंय का त्याला?"

"बघितलंय म्हणजे? सगळ्या सुया मीच दिल्यात त्याला! वळूवरसुद्धा मीच..."

ती बोलता बोलता थांबली, पण उशीर झाला होता. बाई गर्रकन मागं वळली.

"अगं ये, ऐकलं का? ह्याच त्या सिस्टर!"

सतरा बायका एकदम उठल्या. कुणी पोराची बाही वर केली, कुणी कार्ड पुढं केलं, कुणी मागून ढकललं. आरतीनं कपाळावर हात मारून घेतला. मग तोच हात साबणानं स्वच्छ धुतला आणि कुपी उघडली.